सिग्नल गेल्याच्या नोंदी

बोट घेतली तेव्हा श्रूजबरीतल्या आमच्या अर्ध्या मित्रमंडळींनी मला वेड्यात काढलं. समुद्र घरापासून सव्वा तासाच्या ड्राइव्हवर, मला पोहता येतं ते जेमतेम, आणि जन्म नागपूरचा, म्हणजे समुद्र बघायचा तर आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन करायचं. "अरे, पन्नाशीत लोक गुडघे सांभाळतात, तू बोट कसली घेतोस?" असं एकाने तोंडावर विचारलं. बायको मात्र म्हणाली, "घे बाबा. नाहीतर रिटायर झाल्यावर माझ्या किचनमध्ये लुडबुड करशील." तेवढ्या एका वाक्यावर मी घेतली. जुनी, बावीस फुटी, मधोमध उभं राहून चालवायची, डोक्यावर पाइपांवर बसवलेलं एक लहानसं छप्पर.

पहिला उन्हाळा मजेत गेला. बंदरातून निघायचं, दीपगृहाच्या बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. ती झिपलॉकच्या पिशव्यांत सँडविचेस भरून आणायची. त्या सीझनच्या शेवटी धक्क्यावरच्या शेजाऱ्याने तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. किनाऱ्यापासून वीसेक मैलांवर समुद्राखाली एक उथळ पठार आहे, तिथे उन्हाळाभर देवमासे खायला येतात. हिने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "देवमासा दिसो न दिसो यार, मला तिथे जायचंय. चारी बाजूंना नुसतं पाणी आणि जमीन कुठेच नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नाही." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." माझा हात अजून बसायचा होता, आणि घाई कशाची होती?

त्या हिवाळ्यात तिला कॅन्सर निघाला. पोटाचा, आणि उशिरा कळलेला. केमो, हॉस्पिटलच्या फेऱ्या, बर्फ, पुन्हा केमो. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की उन्हाळा बहुधा बरा जाईल, जे करायचं असेल ते या उन्हाळ्यात करून घ्या.   पार्किंगमध्ये गाडीचा दरवाजा उघडताना ही म्हणाली, "मग? ते देवमाशांचं कधी?" मुलगी कॅलिफोर्नियात असते. ती फोनवर म्हणाली, बाबा, टूरवाल्यांच्या मोठ्या बोटी जातात तिथे, तिकीट काढा. पण केमोनंतर गर्दीत जायची हिला सक्त मनाई होती, आणि त्या बोटीवर माणसं खच्चून भरलेली असतात. तेव्हा जायचं तर आपल्याच बोटीने, आणि याच उन्हाळ्यात.

आणि नेमकं याच उन्हाळ्यात बोटीवरचं जीपीएस जायला लागलं.

स्टिअरिंगच्या समोर एक स्क्रीन असतो. त्यावर समुद्राचा नकाशा आणि त्यात आपली बोट म्हणजे एक छोटंसं काळं चिन्ह. उपग्रहांकडून सिग्नल येत असतो तोवर ते चिन्ह आपल्याबरोबर सरकत राहतं. जूनच्या पहिल्या शनिवारी बंदराबाहेर पडून वीसेक मिनिटं झाली असतील, तर तो स्क्रीन किंचाळला. चिन्ह गायब, त्या जागी प्रश्नचिन्ह, वर लाल पट्टी, पोझिशन लॉस्ट. मी इंजिन बंद केलं आणि टूलबॉक्स काढला. "थांब, तुला जागा करून देते," म्हणत हिने समोरच्या फळीवरचं खाण्याचं सामान उचलून मांडीवर घेतलं. मी स्क्रीनच्या मागे हात घालून पॉवरची वायर हलवली, आणि दोन-तीन मिनिटांत सिग्नल आला. "वायर लूज होती," मी जाहीर केलं. मग तिथेच तरंगत आम्ही जेवलो आणि परत आलो. वाटेत ते एकदाही गेलं नाही. मी खूष.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलं. मी दुसरी वायर हलवली, पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा.

आता मी कोण? सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. येणारी-जाणारी चूक सगळ्यात वाईट, हे मला काही कुणी शिकवायला नको. कायमचं बंद पडलेलं यंत्र सरळ असतं, ते खोटं बोलत नाही. मी एक वही सुरू केली. तारीख, हवा, लाटा, इंजिनचा वेग, बॅटरीचे व्होल्ट, किती उपग्रह दिसत होते, किती वाजता गेलं, किती वाजता आलं, बोटीवर कोण होतं. पहिल्या पानावर मी नेहमीचा पहिला प्रश्न लिहिला, गेल्या वर्षीपासून काय बदललं? आणि खाली उत्तरं. नवे एलईडी दिवे बसवले. नवा रेडिओ बसवला. स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. बस, तीनच. घरात काय काय बदललं होतं ते त्या यादीत लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्या धंद्याचा नियम, एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. एका शनिवारी दिवे काढले. एका शनिवारी रेडिओ बंद ठेवला. एकदा जुनं सॉफ्टवेअर परत घातलं. छपराच्या पाइपावर मशरूमसारखी एक पांढरी अँटेना होती, तिचं कनेक्टर घासून पुसून सील केलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार असतात किती? त्यातले काही पावसात जाणार आणि काही तिच्या थकव्यात. हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. पण दर वेळी वाटायचं, आज सापडेल.

मरीनामध्ये एक म्हातारा मेकॅनिक आहे, गोरा, कमी बोलणारा. जुलैमध्ये तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, अँटेनाची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने धरून बघितलीस का? मला राग आला. ती वायर स्क्रीनच्या मागून निघून दहा वायरींच्या टेप गुंडाळलेल्या जुडग्यात शिरत होती, तिथून सगळा जुडगा पाइपाकडे जात होता आणि पाइपाच्या वर मशरूम होतं. न दिसायला काय झालं? सगळं उकलायचं तर दोन वीकेंड गेले असते. "हे काम मी आयुष्यभर केलंय," असं मी त्याला ऐकवलं. त्याने खांदे उडवले आणि गेला.

हिची तक्रार काहीच नसायची. मी स्क्रीनखालच्या खणात डोकं खुपसून उताणा पडायचो, माझे फक्त पाय बाहेर, आणि ती बाकावर टोपी घालून बसायची. कधी टॉर्च द्यायची, कधी वही वाचून दाखवायची. एकदा वाचता वाचता हसायला लागली. "अरे, तू नीट बघितलंस का हे? मी असले की जातं. रविवारी तू एकटा टेस्ट करायला येतोस तेव्हा एकदाही गेलेलं नाही. नऊच्या नऊ वेळा मी!" मी आतूनच ओरडलो, "डेटा खोटं बोलत नाही मॅडम." ती म्हणाली, "म्हणजे मी पांढऱ्या पायाची म्हण ना सरळ." दोघंही हसलो. मी खरंच हसलो, हे मी सांगितलं पाहिजे. समोर उत्तर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि मी ते विनोद म्हणून सोडून दिलं. कुणी ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर मी पॉवरची सगळी वायर बदलली. त्यानंतर दोनदा एकटा जाऊन आलो, ही तेव्हा घरी पडून होती. दोन्ही वेळा चार-चार तास सिग्नल छान. मी घरी येऊन सांगितलं, "झालं! शनिवारी जायचं." तिचा चेहरा असा उजळला की मला केमोच्या आधीची ती दिसली. शुक्रवारी संध्याकाळी दम लागत असतानाही तिने पीठ मळलं, बटाट्याची भाजी केली, लोणचं काढलं. मी म्हटलं, राहू दे, वाटेत काहीतरी घेऊ. "पिकनिकला काय बर्गर खायचा? नसती अक्कल पाजळू नकोस," म्हणाली.

सकाळ लख्ख होती. तासभर आम्ही थेट पूर्वेला गेलो. मागे जमीन पातळ होत होत एक रेघ उरली. ती पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती, "अजून दिसतेय रे, अजून दिसतेय." मग तिने बॅगेतून डबा काढून समोरच्या फळीवर ठेवला आणि एक पोळी गुंडाळून माझ्या हातात दिली. एवढ्यात पुढे धुकं दिसलं. आमच्याकडचं धुकं बघता बघता येतं, कुणाला विचारून येत नाही. मी वेग कमी केला, आणि त्याच क्षणी स्क्रीन किंचाळला.

ती म्हणाली, "फोनवर दिसतंय ना? फोनवर बघून चल ना." फोनवर दिसत होतं, हे खरं. पण बोट चालवण्याच्या कोर्समध्ये शिकवलेला माझा नियम होता, जमीन दिसेनाशी होण्यापूर्वी जागा सांगणारी दोन साधनं चालू हवीत. फोन तापतो, भिजतो, बंद पडतो. समोर धुकं, त्यात मोठी जहाजं, आणि बोटीवर आजारी बायको. मी बोट वळवली. ती पुन्हा म्हणाली, "थोडंसंच राहिलंय रे." आणि मी ओरडलो, "तुला कळत नाही त्यात बोलू नकोस!" तिने डबा बंद केला, उचलला आणि माझ्या मागच्या बाकावर जाऊन बसली. पाच-सात मिनिटांनी सिग्नल आला. मला आणखीच संताप आला. ज्याचा भरवसा नाही त्याच्या जिवावर पुढे कसं जायचं? मी बोट तशीच बंदराकडे नेली.

वळलो ते बरोबरच केलं, असं मला अजूनही वाटतं. ओरडलो ते चुकलं. पण पुढे जे झालं त्यापुढे ते ओरडणंही किरकोळ आहे.

पुढच्या शनिवारी मी किल्ली घेतली तर ही सोफ्यावरून उठेना. "तू जा. मी नाही येत. मी नसले की नीट चालतं ना ते?" आवाजात कुठे रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. अगदी साधेपणाने म्हणाली. मी म्हणायला हवं होतं, खड्ड्यात गेलं जीपीएस, चल, बेटाला वळसा घालू, ऊन खाऊ. नाहीतर मीही घरी बसायला हवं होतं. मी काय म्हणालो? "बरं, मग मी जाऊन एकदा टेस्ट करून येतो." तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातले तीन शनिवार मी तिला घरी ठेवून बोट टेस्ट करत होतो. तिसऱ्या शनिवारी विजयी मुद्रेने घरात शिरलो, "पाच तास! एकदाही गेलं नाही!" ती पांघरुणात होती. "बघ," एवढंच म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठायला लागली.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यातून काढून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली. नोव्हेंबरमध्ये हिचं पुन्हा हॉस्पिटल सुरू झालं. फेब्रुवारीत ती गेली. शेवटच्या आठवड्यात मुलगी तिला म्हणाली, "आई, समरमध्ये आपण तिघं व्हेल्स बघायला जाऊ." ही म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी आले की बाबाचं मशीन बंद पडतं." नर्सलाही तिने ते इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि त्या बाई हसल्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.  खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नव्हतं.

मे महिन्यात मी बोट विकायला काढली. गिऱ्हाईक येण्याआधी एकदा सगळं चालवून बघायचं म्हणून मेकॅनिकने ती पाण्यात उतरवली. आम्ही दोघंही बोटीवर होतो, तो खाली इंजिन तपासत होता, मी वर सामान काढत होतो. सकाळपासून स्क्रीन चालू होता, सिग्नल एकदम छान.

दुपारी भूक लागली. आमच्या गावात एक मावशी घरून पोळ्या करून देतात, आपला डबा नेऊन द्यायचा आणि भरून आणायचा. घरात माझ्याकडे डबा एकच प्रकारचा. कॅन्सर निघाल्यावर हिला कुणाचातरी व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला होता की प्लास्टिकमध्ये गरम अन्न ठेवल्याने हे होतं, आणि हिने एका दुपारी घरातलं सगळं प्लास्टिक, झिपलॉकसकट, बाहेर काढलं. मी वैतागलो होतो, "अगं, आता टाकून काय उपयोग?" ती म्हणाली होती, "निदान तुला तरी नको व्हायला." तेव्हापासून सगळं स्टीलमध्ये. तो पोळ्यांचा डबा तिच्या आईने दिलेला, पसरट, जाड पत्र्याचा, ताटाएवढा. मी तो बॅगेतून काढला आणि ठेवायला जागा एकच होती, स्टिअरिंगसमोर वारा अडवणाऱ्या काचेमागची ती सपाट फळी. तिथे ऊन येतं, पाणी उडत नाही, पोळ्या गरम राहतात. ती तिथेच ठेवायची, म्हणून मीही तिथेच ठेवला.

हात पुसून येईपर्यंत स्क्रीन किंचाळला.

मी डब्याकडे बघितलं. स्क्रीनकडे बघितलं. डबा उचलला. तीन मिनिटांनी सिग्नल आला. परत ठेवला, गेला. उचलला, आला. डबा बाजूला ठेवून मी बाकावर बसलो. मग मेकॅनिकला हाक मारली. तो काही न विचारता आत शिरला, चाकूने टेप कापली आणि ती वायर हातात धरून इंच इंच पुढे सरकत गेला. वायर पाइपाकडे गेलीच नाही. जुडग्यातून निघून ती वळली आणि फळीच्या खालच्या अंगाला आली. तिथे आधीच्या मालकाने पुट्टीने चिकटवलेली एक पेल्याच्या झाकणाएवढी अँटेना होती. फळी फायबरग्लासची, आणि फायबरग्लासमधून उपग्रहांचा सिग्नल आरपार येतो, म्हणून पावसापासून वाचवायला लोक ती अशी आत लावतात. स्टीलमधून येत नाही. वरचं मशरूम जुनं, कुठेच न जोडलेलं, शोभेचं. मी उन्हाळाभर त्याचं कनेक्टर घासत होतो.

म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात झिपलॉक होते, म्हणून काही झालं नाही. मी टूलबॉक्स काढला की ही मला जागा करून द्यायला डबा मांडीवर घ्यायची, म्हणून मी कुठलीही वायर हलवली तरी सिग्नल यायचा. जेवण झालं की रिकामा डबा बॅगेत जायचा, म्हणून परतीच्या वाटेवर कधी गेलं नाही. ती घरी बसली की सगळं नीट. वहीतली नोंद न् नोंद खरी होती.

माझी एक सवय सांगतो. ऑफिसात कितीही अवघड बग सापडला की माझा पहिला फोन हिला. मीटिंगमध्ये असो, भाजी आणायला गेलेली असो. मी नुसतं म्हणायचो, "सापडलं!" तिला कोडमधलं ओ की ठो कळत नसे, पण दर वेळी विचारायची, "कुठे होतं रे?" आणि मी सांगत बसायचो, ती हं हं करायची. त्या दुपारी माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "सापडलं गं." मेकॅनिकने खालून डोकं बाहेर काढून विचारलं, काय म्हणालास? मी म्हटलं, काही नाही, आमच्या भाषेत.

त्याने अँटेनावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, फक्त इथे काही ठेवू नका. मी त्याचे आभार मानले. तो इंजिनकडे गेल्यावर मी तोंडावर टोपी घेतली आणि रडलो. हॉस्पिटलमध्ये रडलो नव्हतो तसा.

मी कितीदा मनात तिला सांगून बघतो. कुठे होतं रे, ती विचारते. तुझ्या डब्याखाली, मी सांगतो. आधी ती माझ्याकडे बघत राहते, मग हसत सुटते, खोकला येईपर्यंत हसते, गाढवा म्हणते, वर्षभर मला पांढऱ्या पायाची केलंस म्हणते. आणि मग ती डबा मांडीवर घेऊन बसली असती, आणि आम्ही गेलो असतो.